१५ सेंमी

इंदूर, शनिवार रात्र

छमाहीच्या पेपरांचा गठ्ठा परवाच बांधून ठेवला होता. स्नेहसंमेलनात बक्षीस द्यायला विज्ञानातले पहिले तीन काढायचे म्हणून आज तो पुन्हा सोडला. १७ नंबरच्या पेपरात समासात पेन्सिलीनं लिहिलेली एक ओळ दिसली. "उत्तर २० और ४० के बीच आना चाहिए था। गलती नहीं मिल रही।" तपासताना ती मी पाहिलीच नव्हती. त्या प्रश्नाला ३ पैकी १ दिलाय.

प्रश्न नेहमीचाच. बहिर्वक्र भिंग, नाभीय अंतर २० सेंमी, वस्तू ६० सेंमीवर, प्रतिमा कुठे आणि कशी. उत्तर ३० सेंमी. याचं आलंय १५. सूत्र बरोबर आहे, १/व्ही − १/यू = १/एफ (व्ही प्रतिमेचं अंतर, यू वस्तूचं, एफ नाभीय), पण वस्तूच्या बाजूचं अंतर उणे धरतात, तो यू उणे ६० घ्यायचा राहिला. तसं झालं की १/२० मधून १/६० वजा होण्याऐवजी त्यात मिळवला जातो. आणि त्याला ते खटकलं. वस्तू ४० च्या, म्हणजे नाभीय अंतराच्या दुपटीच्या, पलीकडे असेल तर प्रतिमा २० आणि ४० च्या मध्येच पडायला हवी. इतक्या लांबच्या सूर्याची प्रतिमासुद्धा २० वर पडते, मग त्याहून जवळ पडद्यावर काही उमटेलच कसं? हे त्याला कळलं होतं. 'वास्तव, उलटी, लहान' हेही त्यानं बरोबर लिहिलंय. सूत्राचा अर्धा, स्वरूपाचा अर्धा, झाला १. नियमाला धरून आहे. तरी ती ओळ काही डोक्यातून जात नाही.

मग सगळेच १५ वाले काढून बसले. ४३ पेपरांत ११ निघाले, पण चूक एकच नाही. काहींनी याच्यासारखं चिन्ह विसरलंय. काहींनी चिन्ह नीट घेतलंय, पण आरशाचं सूत्र लावलंय, १/व्ही + १/यू = १/एफ. त्याचंही १५ च येतं. एकाला चिन्हांचा सराव हवा, दुसऱ्याला भिंग आणि आरसा वेगळे करून दाखवायला हवेत. मी दोघांना तीच लाल फुली मारली.

आणि ४ नंबर. त्याला ३ पैकी ३, उत्तर ३०. आज ओळ न् ओळ वाचली. सूत्र आरशाचं आणि यू अधिक ६०. दोन चुकांनी एकमेकींना खोडलं आणि ३० आलं. आकडे बदलून काही होत नाही, बहिर्वक्र भिंगाला या दोन चुका एकत्र आल्या की उत्तर दर वेळी बरोबरच येतं. 'वास्तव ते धन', म्हणजे वास्तव वस्तू-प्रतिमांची अंतरं अधिक धरायची, या जुन्या संकेतात हीच मांडणी अगदी योग्य ठरते, म्हणून त्याच्या बाजूनंही पाहिलं. पण त्याच पेपरातल्या आरशाच्या गणितात त्यानं यू उणे घेतलाय. म्हणजे संकेत कुठलाच नाही, सवयीनं आकडे भरलेत. मी शेवटचं ३० पाहिलं आणि बरोबरची खूण केली.

यादीत तो पहिला आहे, एका गुणानं. त्याच्या घरी कळवूनही झालंय.

हे सगळं माझ्याच्यानं कसं व्हावं, असं संध्याकाळी फार वाटलं. दोन तुकड्यांचे ८४ पेपर, त्यात प्रदर्शनाची मॉडेलं, खजुरी बाजारातून चार्टपेपर आणणं, अंतर्गत २० गुणांचे तक्ते: चाचणीचे ५, विविध मूल्यमापनाचे ५, पोर्टफोलिओचे ५, प्रयोगाचे ५. फेब्रुवारीत बोर्ड. रात्री अकराला ओळी वाचायला डोळे कुठून आणू? आई असती तर... जाऊ दे.

पण ती ओळ लिहिणाऱ्यानंही तीन तासांच्या पेपरातच वेळ काढला होता. उत्तर पटलं नाही म्हणून मागे वळून पाहिलं होतं. वर्षभर मी फळ्यासमोर "आधी अंदाज करा, मग आकडे टाका" म्हणत आले, ते ऐकलेला निदान एक मुलगा या गठ्ठ्यात आहे. रात्री नऊनंतर जरा शांत झाले.

४ नंबरचे गुण उतरतील. आलेल्या उत्तराचा अर्धा आणि स्वरूपाचा अर्धा, एवढेच देता येतात. २ कमी. यादी बदलेल आणि सोमवारी त्याला मी स्वतः, वर्गाबाहेर, पेपर समोर ठेवून सांगेन. वाईट वाटेल त्याला. १७ नंबरला मात्र वाढवून देता येत नाही, त्याच्या ओळीला गुणदानात जागा नाही. जानेवारीच्या पेपरात ठेवणार आहे: ३ ऐवजी ४ गुण, आणि चौथा 'उत्तर शक्य आहे का, का' यासाठी.

सोमवारी तिसरा तास प्रयोगशाळेत. भिंगाचं २० सेंमी आधी खिडकीतून तपासायचं, लांबचं झाड भिंतीवर स्पष्ट उमटेपर्यंत. मग मेणबत्ती ६० वर. पडदा आधी १५ वर धरायचा, तिथे नुसता उजेडाचा पसरट डाग दिसेल, ज्योत दिसणार नाही. हळूहळू मागे नेत ३० वर आणायचा. गेल्या वर्षी तिथेही नीट जमलं नव्हतं, पंख्यानं ज्योत हलत होती आणि मेणबत्ती जळून खाली गेल्यामुळे प्रतिमा पडद्यावर वर सरकली होती. या वेळी पंखा बंद, पडदे ओढलेले. ज्योत आणि भिंगाचा मध्य एका उंचीवर हवा, म्हणून मेणबत्तीखाली सरकवायला दोन-तीन लाकडी ठोकळे.

पडदा धरायला १७ नंबरला बोलावणार आहे. १५ वरून ३० वर त्यानंच न्यावा.