'विवा'मधली नेहा

आज दुपारी धरमपेठेत भाचीच्या घरी तिच्या मैत्रिणींची गॅदरिंगची प्रॅक्टिस होती. मधलं कडवं एकटीने कोणी म्हणायचं यावरून सगळ्यांचे चेहरे उतरलेले. एकीने मला विचारलं, "मावशी, ग्रुपमध्ये गाऊन कोणाचं नाव होते का?"

मग मी त्यांना 'विवा' या मुलींच्या पॉप ग्रुपबद्दल सांगितलं. एकीलाही माहीत नव्हतं! २००२ मध्ये चॅनल व्हीच्या 'पॉपस्टार्स' या टीव्ही स्पर्धेतून निवडलेल्या पाच मुली: सीमा, प्रतिची, महुआ, अनुष्का आणि नेहा भसीन. आमच्या पिढीतल्या पोरींना त्यांचं केवढं वेड होतं! काही वर्षांतच ग्रुप संपला.

मला मोलाचं वाटतं ते त्यानंतरचं. नेहा गातच राहिली. २००८ मध्ये 'फॅशन' सिनेमातलं 'कुछ खास', २०११ मध्ये 'धुनकी'. मग 'सुलतान'चं 'जग घूमेया'. लोकांच्या ओठांवर होतं ते राहत फतेह अली खान यांनी गायलेलं, हिच्या वाट्याला त्याचंच स्त्री-आवाजातलं रूप आलं. आणि तिने ते असं गायलं, की २०१७ चा सर्वोत्कृष्ट गायिकेचा फिल्मफेअर तिला मिळाला. 'विवा'नंतर इतक्या वर्षांनी!

खरं सांगू, मला तिची पंजाबी लोकगीतं त्याहून जास्त आवडतात. तिथे तिचा आवाज मोकळा होतो, थोडा खरखरीत, अगदी तिचा स्वतःचा. मुलींना 'नई जाना' ऐकवलं, तर दोनदा लावायला लावलं. कडव्याचं अजून ठरलेलं नाही, उद्या पुन्हा जमणार आहेत. मीही जाणार आहे.