सीडी४चा काउंट आणि मी

एआरटी सेंटरच्या, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात त्या केंद्राच्या, बाकावर कुणी कुणाचं नाव विचारत नाही, पण ‘काउंट किती?’ हे हमखास विचारतात. सीडी४ म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींतला एक प्रकार; एक घन मिलिमीटर रक्तात त्या किती, तो हा आकडा. निरोगी माणसात साधारण ५०० ते १५००. एचआयव्ही नेमका याच पेशींत शिरून वाढतो. २०२१ मध्ये मला लागण झाल्याचं कळलं तेव्हा माझा काउंट निघाला १४२.

मी इचलकरंजीत लूमवर असतो. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून शेजारच्या जिल्ह्यातलं सेंटर धरलं. रात्रपाळी उरकून तसाच पहिल्या एसटीत बसायचो, कारण रक्त सकाळीच काढतात. सीडी४साठी उपाशी राहावं लागत नाही. जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त घेतात. सुरुवातीला लिव्हर, किडनी, हिमोग्लोबिन, कावीळ बी आणि सी हेही झालं. खोकला, ताप, वजन घटणं, रात्रीचा घाम हे टीबीचे चार प्रश्न मात्र दर खेपेला विचारतातच.

गोळ्या लगेच सुरू झाल्या. २००४ मध्ये सरकारी मोफत उपचार आले तेव्हा, फारसा त्रास नसेल तर, काउंट २००च्या खाली जाईपर्यंत थांबावं लागायचं. २०१७ पासून काउंट कितीही असो, औषध देतात. बाकावरचे एक मामा म्हणाले, “आम्ही काउंट पडायची वाट बघितलीय, पोरा.” यावर काय बोलणार? कमी काउंटमुळे मला कोट्रायमॉक्साझोलची गोळी जादा होती, न्यूमोनियासारखी दुखणी उठू नयेत म्हणून.

सहा महिन्यांनी २२९, मग २६८. त्यानंतर २१४! एकही गोळी चुकली नव्हती. कागद हातात घेऊन मी काउन्सेलर ताईंसमोर नुसता उभा राहिलो. त्यांनी एवढंच विचारलं, “मध्ये ताप येऊन गेला का?” आला होता, आदल्याच आठवड्यात. डॉक्टरांनी रिपोर्टवरची टक्केवारी दाखवली, म्हणजे लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींत सीडी४ शेकडा किती ते: मागच्या वेळी १६, आता १८. काउंट तापाने हलतो, सकाळी आणि संध्याकाळीही वेगळा येतो. टक्केवारी एवढी हलत नाही. आणि गोळी लागू पडतेय का, हे व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, सांगतो. तो माझा सहाव्या महिन्यातच ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’ आला होता. विषाणू शरीरात आहेच, फक्त यंत्राला सापडेल इतका रक्तात नाही. हा कागद मी तेव्हा धड वाचलाही नव्हता. आमचं सगळं लक्ष काउंटवर.

पुढे ३६१ आणि ३८८. त्यानंतरच्या खेपेला ताईंनी फक्त व्हायरल लोडचं रक्त द्यायला पाठवलं. सलग दोनदा ३५०च्या वर आणि लोड दबलेला असला की सीडी४ तपासणी थांबवतात. जादाची गोळीही बंद झाली. खरं सांगतो, मला ते आवडलं नाही. पोराच्या मार्कांसारखा तो आकडा मी जपत होतो. काही जण खासगी लॅबमध्ये पैसे भरून काउंट काढून घेतात. माझा तो विचार होता, पण त्यातून औषधात काहीच बदलणार नाही म्हटल्यावर सोडून दिला.

व्हायरल लोड आता वर्षातून एकदा. पुढचा दिवाळीनंतर आहे. त्या दिवशीच्या खाड्याचं जॉबरला, म्हणजे आमच्या मुकादमाला, काय कारण सांगायचं, ते अजून ठरायचंय.