रुदा, सताप आणि माझा डावा हात

जुलैत आल्पुहार्राच्या उतारावर सकाळी अकरानंतर कुत्रंही दिसत नाही. स्पेनमधल्या सिएरा नेवादा डोंगररांगेच्या दक्षिण अंगाची ही गावं: पांढरी घरं, बदामाची झाडं, आणि त्या दिवशी कात्री-पिशव्या घेऊन हिंडणारे आम्ही दोन खुळे. पुण्यात फार्मसी करून मी ग्रनादाला पीएचडीला आले होते. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारायचं, कुठलं रानझाड कशावर वापरता. मग ते झाड आणून त्यात नेमकं काय आहे ते काढायचं, असं काम.

त्या दिवशी पाळी रुदाची होती. रुता मोंताना, म्हणजे डोंगरातली रानटी रुदा. एक पान चुरडलं आणि मी थेट आईच्या गच्चीत. सताप! आपल्या कुंडीतल्या सतापापेक्षा पानं बारीक, दर्प जास्त, पण घराणं तेच. रुटिन हे औषधांच्या दुकानातलं नावही याच रुतावरून पडलंय.

आदल्या संध्याकाळी गावातल्या एका आजींनी रुदाची सगळी कुंडली सांगितली होती. दृष्ट लागू नये म्हणून दाराशी जुडी. गुडघ्यांना ऑलिव्ह तेलात मुरवलेली पानं. रात्री चोळायची, वर लोकरीचं फडकं गुंडाळायचं, सकाळी धुऊन मगच बाहेर पडायचं. पाळी चुकली तर काय करत, हे सांगताना त्यांचा आवाज खाली आला, आणि त्यात बायका जिवानिशी गेल्यात हेही त्यांनी सांगून टाकलं. मग त्यांच्याकडची जुनी म्हण: बाईला रुदाचे गुण कळले तर ती रात्री चांदण्यात शोधायला निघेल. ‘आम्ही तोडायचो तीही उजाडायच्या आतच,’ त्या म्हणाल्या. निघताना तेलाची एक छोटी बाटली हातात ठेवली.

आमच्या फॉर्मात झाडाचा भाग, प्रमाण, कृती असे रकाने होते. वेळेला रकाना नव्हता. चांदणं आणि पहाट मी ‘समजुती’मध्ये टाकली. लोकरीपुढे लिहिलं, ‘उबेसाठी’.

दुसऱ्या दिवशी अकरा ते दोन आम्ही रुदा कापली. उकाड्याने मी बाह्या दुमडल्या, हातमोजे पिशवीत. कापलेल्या फांद्या मेथीची जुडी धरावी तशा डाव्या हातावर, छातीशी. घाम, चिरडलेल्या पानांचा रस आणि डोक्यावर अंदालुसियाचं ऊन. हाताला काहीही जाणवलं नाही. ना खाज, ना जळजळ. तिथेच फसायला होतं.

पुढच्या दिवशी संध्याकाळी हात लाल. तिसऱ्या सकाळी मनगटापासून कोपरापर्यंत फोड, पिवळसर पाण्याने टम्म भरलेले. नुसते फोड नव्हते, रेघा होत्या. एकीला दुसरी छेदून गेलेली. जिथे जिथे फांदी टेकली होती तिथे कुणी तापलं उलथणं ओढल्यासारखी. घड्याळाच्या पट्ट्याखाली मात्र दोन बोटांची जागा अगदी स्वच्छ.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी हात पाहिला आणि एकच प्रश्न केला, ‘अंजीर की रुदा?’

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण याचं उत्तर मी परीक्षेत पाच मार्कांना लिहिलेलं होतं. आपल्याकडे कोडावर बावची लावून उन्हात बसवायचे, त्या बावचीच्या लॅटिन नावावरूनच सोरालेन हे नाव आलं. अंजिराच्या चिकात तेच. रुदात सोरालेनचीच भावंडं, बर्गाप्टेन आणि झँथोटॉक्सिन. अंधारात ही बापुडी गप्प असतात. रस कातडीत मुरला आणि वर ऊन पडलं, की त्यातले ३२० ते ४०० नॅनोमीटरचे अतिनील किरण या रेणूंना पेशीतल्या डीएनएवर टाके घालायला लावतात. पेशी मरतात, पण सावकाश. म्हणून हात भाजल्याचं दोन दिवसांनी कळतं. पट्ट्याखाली ऊन पोचलं नव्हतं, रसही फारसा शिरला नसेल.

बँडेज बांधलेल्या हातानेच त्या आठवड्यात टीएलसीची, म्हणजे अर्कातले घटक वेगवेगळ्या ठिपक्यांत सुटे करणारी, प्लेट लावली. माझ्याच पिशवीतल्या पानांचा अर्क, शेजारी तुलनेला शुद्ध बर्गाप्टेन, झँथोटॉक्सिन, आणि शेवटी सहज म्हणून आजींच्या तेलातून काढलेला अर्क. खोलीत अंधार करून ३६५ नॅनोमीटरचा दिवा लावला. पानांच्या रांगेत ठिपके चमकले, बर्गाप्टेनच्या अगदी सरळ रेषेत. तेलाच्या रांगेतही तेच, फक्त फिके. म्हणजे ते तेल चोळून कुणी दुपारी बदामाच्या बागेत गेलं असतं तर त्याचे गुडघे माझ्या हातासारखे झाले असते. रात्र, लोकर, सकाळी धुऊन टाकणं: मी ‘समजुती’त आणि ‘उबे’त टाकलेलं सगळं त्या काळोख्या खोलीत एकापाठोपाठ आठवत गेलं.

डागांची रेघ तपकिरी होऊन हिवाळ्यापर्यंत राहिली. सप्टेंबरात पुन्हा गावात गेले तेव्हा आजींनी हात हातात घेतला, उलटासुलटा केला आणि पोटभर हसल्या. मी म्हटलं, ‘हे झाड आमच्या घरीही आहे हो, आई लावते.’

‘मग ती कधी तोडते?’ त्यांनी विचारलं.

ते मी आईला कधी विचारलंच नव्हतं.