बोटाएवढ्या खोडात अडकलेली तीन वर्षं

दापोली तालुक्यात, समुद्राला लागून आमचं आगर, म्हणजे सुपारीची बाग आहे. २०१८ च्या पावसाळ्यात तिथल्या चिऱ्याच्या गडग्यातून, म्हणजे दगडी कुंपणातून, नांद्रुकाचं (वडाच्या कुळातलं झाड) एक रोप मी बोन्सायसाठी उपटलं. हातभर अंतरावर तसंच दुसरं होतं. त्याची मुळं चिऱ्यांच्या फटीत घट्ट बसली होती, ओढलं असतं तर तुटलं असतं, म्हणून ते तिथेच राहू दिलं.

रोप कुंडीत लावणं, आकार देण्यासाठी तार गुंडाळणं, यात विशेष काही नाही. नांद्रुक चिवट जातीचं झाड, आमच्या दमट हवेत सहजासहजी मरत नाही. अडलं ते खोडाशी.

कुंडी जिथून घेतली त्या रोपवाटिकेत मी स्पष्ट विचारलं होतं, "खोड जाड कसं करायचं?" उत्तर मिळालं, "उथळ कुंडीत ठेवा, शेंडे खुडत राहा, आपोआप जाड होतं." त्या एका उत्तराचा मला आजही राग येतो. मी ते शब्दशः पाळलं. दर पंधरा दिवसांनी कात्री घेऊन बसायचो. पानं बारीक झाली, शेंडा डेरेदार झाला, आल्यागेल्यांनी कौतुक केलं. दर दिवाळीला मी खोडाला दोरा गुंडाळून पट्टीवर घेर मोजायचो. २०१८ ला चार सेंटिमीटर, २०१९ ला साडेचार, २०२० ला जेमतेम पाच. जाडी माझ्या अंगठ्यापेक्षाही कमी. वर झाड म्हाताऱ्या वडासारखं आणि खाली काडी! खत वाढवलं, कुंडीची जागा बदलली, मातीत शेणखत मिसळलं. दोरा काही पुढे सरकेना.

२०२१ च्या मे महिन्यात आत्या आली होती. गडग्यापाशी थांबून तिने विचारलं, "हे तुझ्या कुंडीतल्याचंच भावंड ना रे? याचं खोड बघ, माझ्या मनगटाएवढं झालंय."

मी धावत दोरा आणला. सोळा सेंटिमीटर! ना खत, ना पाणी, वर माझ्या डोक्याच्याही वर गेलेलं. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात आमच्या सुपाऱ्या आडव्या झाल्या, तेव्हापासून त्या कोपऱ्यात दिवसभर ऊन येत होतं, त्याचाही हातभार असणार. पण मुख्य फरक एकच होता. त्या झाडाला कोणी कात्री लावली नव्हती.

पानं अन्न तयार करतात आणि सालीखालचा वाढीचा थर त्या अन्नावर लाकडाचे नवे पदर चढवतो. वर जितकी पानं, तितकं खालचं खोड भरतं. मी दर पंधरा दिवसांनी नेमकी तीच पानं कापत होतो. छाटणीने झाड रेखीव होतं, जाड होत नाही. आधी खोड, मग छाटणी, हा क्रम मला कोणीतरी सांगायला हवा होता.

२०२१ च्याच जूनमध्ये, मृगाचा पाऊस पडल्यावर, झाड कुंडीतून काढून त्या उन्हाच्या कोपऱ्यात लावलं. मुळांखाली एक सपाट लादी ठेवली, म्हणजे मुळं खाली न जाता चहूबाजूंनी पसरतात. झाड जमिनीत लावण्याआधीच त्याची तार काढून टाका हेही सांगतो, कारण मोकळं वाढणारं खोड काही आठवड्यांत तिला गिळतं आणि सालीवर पिळाचे वळ कायमचे राहतात. खोडाच्या तळाशी एक फांदी मुद्दाम मोकाट सोडली. ती नंतर कापायचीच असते, तोवर तिच्या खालचा भाग ती फुगवते. कात्री मी आत्याकडे देऊन टाकली होती.

तीन वर्षांत झाड दहा फुटांवर गेलं आणि घेर झाला बावीस सेंटिमीटर, म्हणजे सात सेंटिमीटर जाडी. झाडाची उंची खोडाच्या जाडीच्या साधारण सहापट असली की ते डोळ्यांना भारदस्त वाटतं. मला सव्वा-दीड फुटाचं झाड हवं होतं, तेव्हा हिशेब जमला.

मे २०२४ मध्ये एका सकाळी करवतीने खोड वीतभर ठेवून तिरकं कापलं. पांढरा चीक भळाभळा वाहिला, ओल्या फडक्याने दाबून धरल्यावर थांबला. जखमेवर सुपारीसाठी घरात असलेल्या मोरचूद आणि चुन्याचा लेप लावला. भर पावसात कापू नका, जखम सुकत नाही. पंधरा दिवस मी रोज सकाळी जाऊन बघत होतो. सोळाव्या दिवशी सालीतून तांबूस, टाचणीच्या डोक्याएवढे तीन कोंब फुटले. वरचा कोंब पुढचा शेंडा म्हणून ठेवला, त्यामुळे खोड वर निमुळतं होतं.

यंदा ते पुन्हा उथळ कुंडीत आलंय. कापलेल्या जागेच्या कडेने सालीची गोल वळी चढतेय, मधलं लाकूड आता रुपयाएवढंच उघडं आहे.