कशावरून म्हणतेस?

स्मरणिकेसाठी लिहा, असा शाळेचा निरोप आला तेव्हा विषय शोधावा लागला नाही. आज मी इंग्रजी शिकवते आणि इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकांबरोबर काम करते. त्याचं मूळ पाचवी ते दहावीच्या इंग्रजीच्या तासात आहे. तो तास घेणाऱ्या बाईंनी नाव छापायला स्वच्छ नकार दिला आहे, म्हणून नुसतं ‘बाई’ लिहिते. त्या वर्षांतल्या सगळ्यांना कळेलच.

आमच्या वेळी मराठी शाळांत इंग्रजी पाचवीपासून असायचं. पहिलीपासून ते आलं २००० साली. मराठीत तावातावाने भांडणारी, गोष्टी रचून सांगणारी आम्ही मुलं एबीसीडीपाशी येऊन एकदम गप्प झालो. तेव्हाची सर्रास पद्धत अशी होती की शिक्षकांनी ओळ वाचायची, तिचा मराठी अर्थ सांगायचा, मुलांनी तो पेन्सिलीने ओळीच्या वर लिहायचा आणि शेवटी उत्तरं पाठ करायची. मार्क पडायचे, पण वाचायला यायचं असं नाही. बाईंनी पुस्तकात अर्थ लिहायला बंदी केली आणि वर्गात मराठी बोलायला पूर्ण मोकळीक दिली.

नवा धडा आला की पुस्तक उघडायच्या आधी त्या फक्त शीर्षक आणि चित्र दाखवायच्या. यात काय घडेल? आम्ही मराठीत वाट्टेल ते अंदाज करायचो आणि त्या ते सगळे फळ्यावर लिहायच्या. मग मनातल्या मनात वाचन. अडलेल्या शब्दाला थांबायचं नाही, पुढची दोन वाक्यं वाचून मागे यायचं. त्यानंतर फळ्यावरचा एकेक अंदाज घेऊन बाई विचारायच्या, “हा बरोबर ठरला का? कशावरून म्हणतेस?” आणि त्या ओळीवर बोट ठेवून दाखवावं लागायचं. ओळ सापडली नाही तर उत्तर कच्चं. कधी ओळच नसायची, दोन ओळींमधून ताडावं लागायचं की म्हातारा रागावलाय की घाबरलाय. या प्रश्नांवर वर्गात खरे वाद व्हायचे, आणि ओळी शोधण्याच्या नादात एकेक परिच्छेद आम्ही चार-पाच वेळा वाचून काढायचो. वाचा म्हणून कुणी सांगावं लागत नव्हतं.

बोलणं यानंतर यायचं. आधी बाकावरच्या जोडीदाराला सांगायचं, मग वर्गाला. सुरुवातीचे शब्द भिंतीवरच्या तक्त्यावर मोठ्या अक्षरांत असायचे: ‘आय थिंक’, ‘बिकॉज’, ‘आय डोन्ट अग्री’. पुढचं आपलं. प्रश्न विचारला की बाई थांबायच्या. नुसत्या थांबायच्या, दुसऱ्याकडे वळायच्या नाहीत. पुढे बी.एड.ला मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेचं काम वाचलं. तिने १९७०च्या दशकात दाखवलं होतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम सेकंदभर थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तरी उत्तरं लांब होतात, एरवी न बोलणारी मुलं बोलू लागतात. दुसऱ्या भाषेत वाक्य जुळवणाऱ्या मुलाला तर त्याहून जास्त वेळ लागतो. बाईंना हे कुणी सांगितलं होतं, मला माहीत नाही.

आमच्या वर्गात एक मुलगा होता, वडील सांगलीच्या मार्केट यार्डात हमाली करायचे. पाच ओळींचं निबंधवजा भाषण त्याला कधी जमलं नाही. आठवीत बाईंनी त्याला हळदीचा सौदा समजावून सांगायला लावला. तो फळ्यापाशी गेला, हळकुंड आणि गड्डा यांची चित्रं काढली आणि माल कसा उतरतो, कसा पाहतात, भाव कसा ठरतो हे तुटक इंग्रजीत सांगत सुटला. हरिपूरच्या पेवांबद्दल, म्हणजे जमिनीखाली हळद साठवायच्या त्या खोल खड्ड्यांबद्दल, आम्हीच त्याला इंग्रजीत प्रश्न विचारत होतो. क्रियापदं चुकत होती. बाईंनी मध्ये एकदाही टोकलं नाही. चुका त्यांनी वहीत टिपल्या आणि दुसऱ्या दिवशी, नाव न घेता, फळ्यावर सर्वांसाठी घेतल्या. ज्याच्याकडे सांगण्यासारखं आहे त्याला भाषा शिकवणं सोपं जातं, हे माझं मत त्या तासात तयार झालं.

मिरज जंक्शनचं रेल्वे वेळापत्रक घेऊन बाई आम्हाला कोडी घालायच्या: अमुक वाजता मुंबईत पोचायचंय, तर कुठली गाडी, आणि का? १९७९ ते १९८४ मध्ये इंग्रजी अध्यापनाचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांनी दक्षिण भारतातल्या शाळांत वेळापत्रकं, नकाशे यांवरच्या अशाच कामांतून इंग्रजी शिकवून पाहिलं होतं. मुलाचं लक्ष कोडं सुटण्याकडे लागलं की भाषा वापरात येते, हा त्यामागचा विचार. ते वाचताना मला बाईंचा आवाज ऐकू येत होता.

आता थोडं आजच्याबद्दल, कारण मला त्याची खरी काळजी वाटते. सेमी-इंग्रजीच्या वर्गांत मी जाते तेव्हा मुलं विज्ञानाचा उतारा खणखणीत वाचतात. काय वाचलं ते मराठीतही सांगता येत नाही. कॅनडात स्थलांतरित मुलांचा अभ्यास करणाऱ्या जिम कमिन्स यांनी दाखवलं की रोजचं बोलणं दोनेक वर्षांत जमतं, पण अभ्यासाची भाषा अंगवळणी पडायला साधारण पाच ते सात वर्षं लागतात. तीही आजूबाजूला सगळीकडे इंग्रजी असताना. आपल्याकडे तर घरी, गल्लीत, एसटीत मराठीच. पहिल्या भाषेत कमावलेली समज दुसरीत कामी येते, हेही त्यांनीच मांडलं. म्हणून वर्गात मराठी बोलल्यावर दंड करणाऱ्या शाळा पाहिल्या की मला राग येतो. मुलाचा अर्धा विचार आपण दाराबाहेर ठेवायला लावतो.

२०१९च्या महापुरानंतर मी काही वर्गांत इंग्रजी वर्तमानपत्रांतली कात्रणं नेली. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५, आणि पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. मुलांना हे आकडे तोंडपाठ होते. धरणातून पाणी कधी सोडलं, कुणाला कधी कळलं, बातमीत काय लिहिलंय आणि काय लिहिलेलं नाही, यावर सातवीची मुलं मराठीत तासभर बोलली आणि मग आपापल्या जोडीदाराबरोबर इंग्रजीत चार-पाच वाक्यं बनवून मांडली. एका मुलीने बातमीतल्या एका वाक्यावर हरकत घेतली, आणि ओळीवर बोट ठेवूनच घेतली.

सुवर्णमहोत्सवी वर्षात शाळेच्या वाचनालयात पाचवी ते सातवीसाठी सोप्या इंग्रजी गोष्टींचं एक कपाट करावं, अशी आम्हा काही माजी विद्यार्थ्यांची इच्छा आहे. पुस्तकं आम्ही देऊ. प्रत्येक पुस्तकाच्या जोड्या हव्यात, म्हणजे दोघं एकच गोष्ट वाचून तिच्यावर वाद घालू शकतील. दिवाळीच्या सुट्टीनंतर शनिवारी सकाळी वर्गात बसून मुलांबरोबर वाचायला मी येणार आहे. ज्यांना बरोबर यायचंय त्यांनी शाळेच्या कार्यालयात नाव द्यावं. इंग्रजी फर्डं असण्याची अट नाही, मुलांचं ऐकून घ्यायची तयारी मात्र हवी.