भागलंत कशाने?

‘प्लेगच्या काळात इंदूर शहरातल्या जुनी इंदूर या भागात वर्षाला हजारी साठ-सत्तर माणसं मरायची म्हणतात, खरं का?’ हे आम्हाला वरचेवर विचारलं जातं. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो. पण आधी आमचाच एक प्रश्न. तो दर काढताना भागलंत कशाने?

वर्षभरातले मृत्यू, भागिले वर्षाच्या मध्याची लोकसंख्या, गुणिले हजार. मृत्यूंची नोंद कच्ची असतेच, पण खरा घोळ भाजकात. १९०१ च्या खानेसुमारीत इंदूर शहर ८६,६८६, आणि रेसिडेन्सीचे, म्हणजे इंग्रजांच्या ताब्यातल्या भागातले, ११,११८ वेगळे. पुढची मोजणी १० मार्च १९११ ला झाली, म्हणजे प्लेगच्या ऐन भरात. उंदीर पडायला लागले की लोक घराला कुलूप घालून गावाबाहेर झोपड्यांत राहायला जात. त्या मोजणीत शहर जवळजवळ निम्म्यावर आलं. ते सगळे काही मेले नव्हते!

समजा, मोहल्ल्याची एरवीची वस्ती २,०००, वर्षातले मृत्यू ६०. दर पडला ३०. मोजणीच्या दिवशी निम्मेच लोक घरी सापडले म्हणून १,००० ने भागलंत, तर तोच दर ६०. झोपडीत गेलेल्यांच्या मृत्यूंची नोंद मूळ मोहल्ल्याच्या नावावर पडत असेल तर २,०००च धरा. पडत नसेल, आणि निम्मे लोक चार महिने बाहेर असतील, तर भाजक सुमारे १,६६७ आणि दर ३६. शिवाय साठ मृत्यूंच्या आकड्यात पंधरा इकडेतिकडे निव्वळ योगायोगाने होतात. म्हणून एका मोहल्ल्याच्या एका वर्षावर विसंबू नका, निदान पाच वर्षांची सरासरी घ्या.

मृत्यूच्या नोंदीतल्या कारणाच्या रकान्यावर फार भरवसा ठेवू नये. ‘ताप’ या एका शब्दात हिवताप, विषमज्वर, क्षय, न्यूमोनिया सगळे येतात. गाठीचा तापही त्यातच दडवलेला असतो, कारण प्लेग म्हटलं की घर रिकामं करा, सामान धुवा-जाळा हे मागे लागायचं. त्यापेक्षा महिनावार आकडे मांडा. हिवाळ्यात चढून एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात एकदम उतरणारी रेघ बहुधा प्लेगची, कारण त्या उन्हात पिसू टिकत नाही. पावसाळा सरल्यावरची चढती रेघ हिवतापाची. उंदीर मेल्याच्या तारखा हाती असतील तर माणसांचे मृत्यू त्यानंतर साधारण तीन आठवड्यांनी वाढलेले दिसायला हवेत.

स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी होळकर दरबाराला दिलेला नगररचनेचा अहवाल १९१८ चा. त्यांच्या सफाईच्या आग्रहाचा परिणाम मोजायला लोक हौसेने तेच वर्ष घेतात, आणि नेमकं त्याच वर्षी इन्फ्लुएंझाने देशभर थैमान घातलं. त्या एका वर्षावरून अहवालाला पास-नापास करू नका.

गिरणीच्या वस्तीत उलटं होतं. तिथे एकटे राहणारे तरणे पुरुष जास्त, म्हातारे आणि तान्ही मुलं कमी. आजारी पडलेला मजूर गावी जाऊन मेला की नोंद गावाकडे. दर छान दिसतो, वस्ती मात्र गलिच्छच असते. तिथे वयवार आकडे मिळाले तरच दुसऱ्या मोहल्ल्याशी तुलना करावी.

बालमृत्यूचं तर आणखी वेगळं. तिथे भाजक त्या वर्षीच्या जन्मांचा, आणि पहिलटकरीण माहेरी बाळंत झाली की जन्म तिकडे लिहिला जायचा. मूल सासरी येऊन दगावलं तर मृत्यू इकडे.