लोकरी टोपी आणि प्लॅस्टिकचं गवत: फेरो बेटांवर चार दिवस

शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) आहे म्हणजे झालं, असं समजून फेरोचं तिकीट काढू नका. बेटं डेन्मार्कच्या राज्यात असली तरी शेंगेनमध्ये नाहीत. अर्जातच फेरोला जाणार असल्याचं लिहायचं आणि पासपोर्ट परत आला की व्हिसावर तसा शेरा आहे का ते बघायचं. आम्ही तो बघितला थेट कोपनहेगनच्या विमानतळावर, रांगेत उभं राहून. होता, म्हणून हे लिहितेय.

ह्यांना धबधबे बघायचे होते, मला फुटबॉलची मैदानं. कोल्हापुरात पाटाकडील-बालगोपाल या तालमींच्या फुटबॉल मॅचेस बघत वाढलेय, त्याला इलाज नाही. शिवाय त्या लोकरी गोंड्याच्या टोपीतल्या गोलकीपरची गोष्ट लहानपणापासून डोक्यात होती.

ती मॅच 12 सप्टेंबर 1990ची. फेरोची युरोपियन चॅम्पियनशिपच्या पात्रता फेरीतली पहिलीच मॅच आणि समोर नुकताच इटलीतला वर्ल्ड कप खेळून आलेला ऑस्ट्रिया. बेटांवर खऱ्या गवताचं मैदानच नव्हतं, म्हणून ‘घरची’ मॅच स्वीडनमधल्या लांड्सक्रोनाला झाली. गोल करणारा टॉर्किल निल्सन लाकूड विकणाऱ्या कंपनीत सेल्समन. टोपीवाला येन्स मार्टिन क्नुड्सन मासळीच्या कारखान्यात फोर्कलिफ्ट चालवायचा. निकाल 1-0! ऑस्ट्रियाच्या योझेफ हिकर्सबर्गर यांनी प्रशिक्षकपद सोडलं. पुढे 2014मध्ये फेरोने ग्रीसला त्यांच्याच घरात हरवलं, तेव्हा ग्रीसचे प्रशिक्षक क्लाउडिओ रानिएरी यांची गच्छंती झाली.

राजधानी टोर्शाव्नहून गाडी काढली आणि समुद्राखालच्या 11 किलोमीटरच्या बोगद्यातून पलीकडच्या बेटावर गेलो. बोगद्याच्या मध्यावर, समुद्राच्या पोटात, चक्क एक चौक आहे, रंगीत दिवे लावलेला. ह्यांनी त्याला तीन फेऱ्या मारल्या. टोलनाका नाही, पैसे मागाहून गाडीच्या बिलात येतात. तिथून टॉफ्टिर जवळच. लांड्सक्रोनानंतर गवत लावून राष्ट्रीय संघाच्या मॅचेस जिथे झाल्या ते मैदान इथलं, गावाच्या वर, डोंगर फोडून केलेलं. वारा असा की थर्मासच्या झाकणात ओतलेला चहा माझ्या तोंडाआधी जॅकेटवर गेला. गाडीचं दार उघडताना दोन्ही हातांनी धरा. वाऱ्याने दार उलटं फिरलं तर तो खर्च बहुतेक विम्यात बसत नाही.

उत्तरेला आयी नावाचं गाव आहे (उच्चार जवळजवळ आपल्या ‘आई’सारखा). तिथलं जुनं मैदान अगदी समुद्राला लागून. आता तिथे कॅम्पिंग चालतं. पेनल्टी बॉक्सच्या जागी कॅराव्हॅन लावून एक जोडपं निवांत सूप पीत बसलं होतं. मला मात्र जरा वाईटच वाटलं.

आम्ही बघायला आलेली फेरोची मॅच रविवारी होती, 12 ऑक्टोबर 2025, टोर्शाव्नला, चेक प्रजासत्ताकाविरुद्ध. रविवारी बरीच दुकानं बंद असतात, त्यामुळे खाण्यापिण्याचं शनिवारीच बघा. शहरातल्या लाल बसला तिकीट नाही, पार्किंगची कटकट नको असेल तर तिनेच जा. मॅचचं तिकीट मात्र आधीच ऑनलाइन काढा, स्टेडियम इवलंसं आहे. सगळ्या बेटांची मिळून वस्तीच जेमतेम 55 हजार. आणि गंमत बघा, गवत नाही म्हणून ज्यांना परदेशात जाऊन खेळावं लागलं, त्यांचं राष्ट्रीय मैदान आज पुन्हा कृत्रिम गवताचंच आहे. त्यावरच तुर्कस्तान हरलं होतं, 2022मध्ये.

फेरोने आघाडी घेतली, चेकने बरोबरी केली. आमच्या पुढच्या रांगेतले आजोबा मान खाली घालून हातमोजे चढवायला लागले. एकच चढवून झाला होता, तेवढ्यात दुसरा गोल झाला! 2-1. फुटबॉलमध्ये रस नसलेले आमचे हे माझ्याआधी उभे होते.

चेकच्या प्रशिक्षकांना त्याच आठवड्यात काढलं.

परतीला कोपनहेगनहून लगेच पुढचं विमान घेऊ नका. धुकं आणि वाऱ्यापायी इथली उड्डाणं लांबतात, एक दिवस हातचा ठेवा. आमचा त्यातच गेला.